हात खाली येईपर्यंत

पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला शाळा दाखवली नाही, माझा आवाज काढून बघितला. ऑफिसच्या खिडकीला लागूनच एका कारखान्याची भिंत होती आणि पलीकडच्या यंत्रमागांची खटाखट टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्यात दिसत होती. "मॅडम, जरा मोठ्यानं नाव सांगा," सर म्हणाले. मी सांगितलं. "आणखी मोठ्यानं." तेही केलं. "हां, एवढा आवाज दिवसभर निघाला पाहिजे. तुमच्या आधीच्या सरांचा घसा दिवाळीच्या आत बसला. त्यांच्या आधीच्या बाई रडत गेल्या." मग त्यांनी चहा मागवला. मागवताना तोंड उघडलं नाही, दारातल्या शिपायाकडे बघून नुसता अंगठा ओठाला लावला. शिपायानं मान हलवली आणि चहा आला. मला त्याची गंमत वाटली.

मी जेऊरजवळच्या एका खेड्यातली. ज्वारी, तूर आणि पाण्याची वाट बघणं यात वाढलेली. बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, मग कुठं तासिकेवर, कुठं क्लासमध्ये शिकवत राहिले. नोकरीचा आदेश आला तेव्हा सोलापूर शहराच्या पूर्व भागातली शाळा मिळाली. आमच्या गावाला सोलापूर म्हणजे मोठा दवाखाना, कोर्ट आणि चादरी, एवढंच ठाऊक. या भागात घराघरात तेलुगू बोलतात, बाप मागावर असतो, आई विड्या वळते, आणि मुलं मराठी शाळेत येतात हे मला तिथं गेल्यावर कळलं. गणित-विज्ञानाच्या जागेवर बरीच वर्षं कुणी टिकत नव्हतं, मधले महिने ती रिकामीच असायची. गणिताचा तास पीटीचे सर घ्यायचे. पाढे म्हणत ते मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला लावत. मुलांचे पाय मजबूत झाले होते, गणित होतं तिथंच होतं.

"गणिताचं मानूस हितं टिकत न्हाय बगा," शिपाई मला म्हणाला. झालं. मला कुणी नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं. आई म्हणते, ही म्हैस एकदा खुंट्याला बांधली की खुंटा उपटंल पण जागा सोडणार नाही. मी त्याच दिवशी ठरवलं, इथंच टिकायचं.

खोलीही जवळच घेतली. शाळेमागच्या गल्लीत एका घरात खाली कारखाना होता, त्याच्या मागच्या बाजूला घरच्यांच्या राहायच्या खोल्या, आणि वर एक खोली भाड्यानं द्यायची होती. अनवाणी चाललं की तळपायाला खालचे माग लागायचे. पातेल्यातल्या दुधावर सारख्या बारीक वळ्या उठायच्या. पहिले काही दिवस डोकं ठणकलं, मग सवय झाली. सवय झाली म्हणून मी खूश झाले. माणसाला कसलीही सवय होते, याचा आनंद मानण्यासारखं काही नसतं, हे मला आता कळतंय.

घरमालकीण बाईंना मी मावशी म्हणायचे, त्या मला टीचर म्हणायच्या. त्यांची मुलगी माझ्याच नववीच्या वर्गात होती. सकाळी शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर ती खाली बसून कांड्या भरायची. मागावर इकडून तिकडे पळत आडवा धागा घालणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची ती छोटी कांडी मागाला सारखी नवी लागते. तिचं यंत्र मागांच्या अगदी मध्ये होतं, कारण भरलेली कांडी हाताशी पाहिजे. मी जिना उतरायचे तेव्हा ती पाठमोरी बसलेली असायची. लांब वेणी आणि भराभर चालणारे हात दिसायचे. मी खांद्याला हात लावल्याशिवाय तिला कळायचं नाही, पण त्या आवाजात कुणाला कळलं असतं?

वर्गात मला पहिला त्रास झाला तो हातांचा. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असले की मागं चिटपाखरू बोलायचं नाही. मी वळले की पन्नास हात खाली जायचे. वाटलं, चेष्टा चाललीय. दोघींना बाकावर उभं केलं, एकाला बाहेर काढलं. मग हळूहळू उलगडलं. कारखान्यात बोलून ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळे हातांनी बोलतात. दोन बोटं जुळवून झटक्यात लांब केली की धागा तुटला. मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की मालक आला. अंगठा ओठाला म्हणजे चहा. मुलं ही बोली घरून घेऊन यायची आणि माझ्या पाठीमागं तिच्यात उत्तरं वाटून घ्यायची.

मीही कमी नव्हते. मी ती बोली शिकले. वजा, गुणिले, वर्गमूळ यांना आम्ही खुणा केल्या. बरोबरला एक, चुकीला एक, "डोकं वापर"ला एक. मी फळ्यावर लिहायचे, हातांनी विचारायचे, वर्ग हातांनी उत्तर द्यायचा. घसा वाचला, गणित सुधारलं. शिक्षकांच्या बैठकीत मी हे सगळं ऐटीत सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. अख्ख्या वस्तीला बोलायला हात का लागावेत, हा प्रश्न तिथं कुणी विचारला नाही. मी विज्ञानाची शिक्षिका, मलाही तो पडला नाही.

पावसाळ्यातली एक कोरडी दुपार होती. मी दोन समीकरणं फळ्यावर मांडली होती आणि मुलं सोडवत होती. अचानक वीज गेली. आधी शेजारचा कारखाना थांबला, मग पलीकडचा, मग सगळी गल्ली. त्या भागात अशी शांतता पडली की अंगावर काटा येतो. घर पडल्यावर धुरळा खाली बसावा तशी ती बसते. वर्गातली सगळी डोकी वर झाली. नेहमीच व्हायची. मुलांना तो क्षण आवडायचा, कारण बाप लोक रस्त्यावर येऊन चहा पितात आणि थोडा वेळ सगळा भाग सुट्टी लागल्यासारखा दिसतो.

एक डोकं वर झालं नाही. तिसऱ्या बाकावर ती लांब वेणी वहीवर वाकलेली होती, पेन्सिल चालू होती. मला वाटलं, गणितात गढलीय. मी तिला हाक मारली. वर्गातल्या आवाजात नाही, शांततेत हाक मारतात तशी. तिनं पान उलटलं. मी पुन्हा मारली. शेजारणीनं बाकावर थाप दिली, तेव्हा तिनं आधी बाकाकडे बघितलं, मग माझ्या ओठांकडे.

"येस मॅडम!" ती किंचाळली.

खटाखटीत तो आवाज रोज नीट वाटायचा. त्या शांततेत तो खिडकीतून थेट रस्त्यावर गेला आणि चहा पिणारी माणसं वळली. वर्ग हसला. मग तीही हसली, पण सगळ्यांकडे बघून झाल्यावर, थोडं मागून. वीज जाऊन इतका वेळ झाला होता आणि त्या मुलीला माग थांबलेत हे माहीतच नव्हतं.

मला भीती वाटली हे सरळ सांगते. ही पोर वर्गात पहिली यायची. गणित फळ्यावर असतं, पुस्तकात असतं, ते तिच्या डोळ्यांतून आत जायचं. तोंडी परीक्षेत मात्र ती गप्प राहायची आणि आम्ही म्हणायचो, लाजते. घरी कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. त्या घरात एकमेकांना बोलवायचं म्हणजे खांद्यावर थाप द्यायची, दिव्याचं बटण खालीवर करायचं, समोर येऊन ओठ हलवायचे. हाकेला ओ न देणं हे तिथं कुणालाच खटकत नाही. बहिरं मूल लपायला याहून चांगली जागा नाही.

प्रयोगशाळा म्हणजे एक लाकडी कपाट होतं. त्यात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले नादकाटे सापडले. पोलादी, दोन दांड्यांचे, रबरावर आपटले की एका सुरात वाजतात आणि तो सूर हळूहळू विरत जातो. त्यातला सगळ्यात लहान, सगळ्यात बारीक, उंच सुराचा मी उचलला. कारखाने बंद असतात त्या सुट्टीच्या दिवशी तिला गच्चीवर नेलं. समोरासमोर बसलो. नादकाटा दोघींच्या बरोबर मध्ये धरला. ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा, थांबलं की खाली घ्यायचा. ती भारी हुशार होती, माझा हात बघून आपला हात खाली घेईल म्हणून तिच्याच ओढणीनं तिचे डोळे बांधले.

मी नादकाटा आपटला. दोघींचे हात वर. तिचा जवळजवळ लगेच खाली आला. माझ्या कानात सूर चालूच होता. बराच वेळ चालू होता. तेवढ्यात तिनं वेणी सोडून पुन्हा घातली असती. ओढणीखाली तिचा चेहरा शांत होता आणि माझा हात एकटाच वर होता. तो खाली घ्यायची मला लाज वाटली.

मावशींना सांगायला मी धोटे थांबायची वाट बघितली. त्या आधी हसल्या, मग माझा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. पुष्कळ मिनतवारीनं त्या सरकारी दवाखान्यात यायला तयार झाल्या. कानाची डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिनं मुलीला यंत्राच्या खोलीत बसवून तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "बारीक आवाज आधी जातात. ते हिचे गेलेत. गेलेलं परत येत नाही. पण जे उरलंय ते राखता येईल, हिला आवाजातून बाहेर काढलं तर. नाहीतर तेही जाईल." मग मावशींकडे वळून तिनं विचारलं, "तुमचेही कान बघू का?" मावशी तिच्याकडे बघून छान हसल्या आणि मान हलवली. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं.

परतताना रिक्षा थांबवून मावशींनी मला रस्त्याकडेला उतरवलं. "टीचर, ही गोष्ट आपल्या तिघीत. गल्लीत कळला तर पोरीला स्थळ येनार न्हाय. परत मी त्या दवाखान्याच्या दारात उभी ऱ्हानार न्हाय, मला वळकीचं मानूस दिसलं तितं."

"मावशी, तिचा कान जातोय."

"आमी समदेच असं हाव की. काय आडलं आमचं?"

कापूस घालून बघितला. कापूस दोन दिवस टिकला. तिचा बाप चिडला. धागा कुठं ओढला जातोय, धोटा नीट बसतोय का, हे त्याला कानाने कळतं, कांडीच्या यंत्राचंही तसंच. "कापूस घालून काम करायचं तर मग डोळे पन बांदा," तो म्हणाला. कांडीचं यंत्र वर माझ्या खोलीत आणू म्हटलं, तर भरलेल्या कांड्या जिन्यावरून कोण नेणार? सगळ्या वाटा त्या मागांपाशीच येत होत्या.

एक वाट निघाली. मावशींचा भाऊ अक्कलकोटला राहायचा. किराण्याचं दुकान, वर घर, आसपास एक माग नाही. तिकडं कन्नड जास्त चालतं पण मराठी शाळा होती. मामा म्हणाला, पाठवा, दोन घास जास्त शिजवू. पण मुलगी अडून बसली. तिनं माझ्या समोर उभं राहून, जणू मलाच ओठ वाचावे लागतात तसे ओठ स्पष्ट हलवत सांगितलं, "मॅडम, तिकडं गणित कोण शिकवणार? मला तुमच्यासारखं व्हायचंय." मावशींनाही पोर जवळच हवी होती. भांडून भांडून शेवटी आमचा करार झाला. नादकाटा माझ्याजवळ होताच. अधूनमधून सुट्टीच्या दिवशी मी तिला तपासायचं. कान आणखी गेला असं टीचरनं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी ती अक्कलकोटच्या गाडीत. नाही गेला, तर इथंच. मावशींनी देवासमोर हात ठेवून कबूल केलं. तिचा उरलेला कान असा माझ्या हातात आला.

मी तो जपला. सांगते ना, माझ्याइतकं कुणी जपलं नसतं. तोच नादकाटा, तीच गच्ची, तेच रबर. डोळे बांधलेले. पुढच्या खेपेला तिचा हात खाली आल्यावर माझा हात पहिल्याइतका वेळ वर राहिला नाही. मी पुन्हा करून बघितलं, तसंच झालं. अंतर कमी झालं होतं. वाटलं, थोडं का होईना, सुधारलं. डॉक्टर म्हणाली होती गेलेलं परत येत नाही, पण डॉक्टरांचंही चुकतं, आणि आईबापाचा नवस, पोरीची जिद्द, कोण जाणे. मी मावशींना खूण केली, बरोबर. त्यांनी चिंचेचा भात केला, माझ्यासाठी वेगळा डबा भरला.

दहावीचं वर्ष असंच गेलं. दर खेपेला अंतर कमी होत गेलं. ती पहिल्या बाकावर बसायची, माझ्या तोंडावरून डोळे हलवायची नाही. मी फळ्याकडे वळले की तिचं पेन थांबायचं. एकदा गच्चीवर मी नादकाटा आपटून मध्ये धरला आणि ती ओढणीआडून म्हणाली, "मॅडम, वाजवलं का?" मी हसले. म्हटलं, चेष्टा करते. वाऱ्यानं असेल म्हणून पुन्हा जोरात आपटला, तेव्हा तिनं हात वर केला.

आणि माझ्याही काही गोष्टी होत्या. त्या आज ओळीनं आठवतात, तेव्हा त्या ओळीत नव्हत्या. प्रशिक्षणाला मोहोळला गेले होते, तिथं शेजारची बाई म्हणाली, "अहो, हळू बोला, मी इथंच बसलेय." कुकर लावला आणि शिट्ट्या मोजता मोजता डाळ करपली. फोनवर आई म्हणायची, "भांडतीस का काय गं? वरडू नको." कानात सारखी एक बारीक शिट्टी असायची, मला वाटायचं पंख्याची आहे, आणि पंखा दुरुस्त करून घ्यायचं राहून जायचं. मुख्याध्यापक एकदा कौतुकानं म्हणाले, "मॅडम, आता तुमचा आवाज ह्या भागाला शोभतो." मला ती शाबासकी वाटली. चार लोक टिकले नाहीत तिथं मी टिकले होते.

दहावीच्या निकालाआधी शेवटची तपासणी झाली. कारखाने बंद होते, गच्चीवर पापड वाळत होते. मी नादकाटा आपटला. दोघींचे हात वर गेले आणि दोघींचे हात एकदम खाली आले. मी तिच्या डोळ्यांवरची ओढणी ओढून काढली आणि तिला मिठी मारली. अंतरच उरलं नव्हतं. मावशी जिन्यात उभ्या होत्या, मी त्यांना वरूनच दोन्ही हातांनी खूण केली, बरोबर, बरोबर, बरोबर. त्या रडल्या. निकाल लागला, गणितात ती शाळेत पहिली आली. अकरावी विज्ञानाला सोलापुरातच प्रवेश घेतला. मामाकडे जायचा विषय संपला. पोरगी आता मोठी झाली, कॉलेजला वेळ असतो, म्हणून ती सकाळ-संध्याकाळसोबत दुपारीही कांड्या भरायला बसू लागली.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आले. नादकाटा पर्समध्येच असायचा, तो तसाच आला. यंदा पाऊस बरा झालेला, ज्वारी गुडघ्याला आलेली. तिन्हीसांजेला आई ओट्यावर डाळ निवडत बसली होती, मी भिंतीला टेकून पाय पसरले होते. दोन वर्षांत इतकं निवांत बसले नव्हते. गोठ्यात गाय रवंथ करत होती, लांब रेल्वेचा भोंगा वाजला. आई वैतागून म्हणाली, "ह्या रातकिड्यांनी कान किटलं बाई. सांज झाली की सुरू. यंदा लईच हायती."

"कुठं आहेत रातकिडे?"

आई हसली. "शहरात ऱ्हाऊन येडी झाली का काय? हे काय, कानाशी वरडत्यात की."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. मी उठून अंगणात गेले, कुंपणापर्यंत, ज्वारीच्या कडेपर्यंत. लहानपणी याच कडेला रातकिड्यांचा असा कालवा असायचा की बोललेलं कळायचं नाही. मी उभी राहिले. वारा ऐकू आला. माझा श्वास ऐकू आला. कानातली ती शिट्टी ऐकू आली, आणि आसपास पंखा नव्हता. बाकी काहीच नव्हतं. बारीक आवाज आधी जातात, डॉक्टर म्हणाली होती.

मी पर्समधून नादकाटा आणला आणि आईसमोर बसले. तिला म्हटलं, "हे वाजतंय तोवर हात वर ठेव. थांबलं की खाली घे."

"ह्ये काय खूळ आता?"

"ठेव ना आई."

तिनं डाळीच्या पिठानं पांढरा झालेला हात वर केला. मीही केला. चपलेच्या टाचेवर नादकाटा आपटून मी आमच्या दोघींच्या मध्ये धरला. सूर आला, विरला, थांबला. मी हात खाली घेतला.

आईचा हात वर होता. साठीला आलेली बाई, आयुष्य उन्हात गेलेलं, एका कानात लहानपणापासून दडा, तिचा हात वर होता आणि मान जरा कलती करून ती ऐकत होती. पहिल्या दिवशी गच्चीवर माझा हात एकटाच वर राहिला होता, तसाच.

तेव्हा मला ती सगळी गच्ची कळली. मी तिचा कान माझ्या कानाने मोजत होते आणि खालचे माग माझाही कान खात होते. अंतर कमी झालं ते ती वर आली म्हणून नाही, मी खाली गेले म्हणून. मी मिठी मारली त्या दिवशी ती कुठं होती, किती खाली, ते मला माहीत नाही. तिचं खाली जाणं थांबलेलं नव्हतं एवढं नक्की. ज्या ज्या वेळी मावशींनी तिला अक्कलकोटच्या गाडीत बसवायला हवं होतं, त्या त्या वेळी मी बरोबरची खूण केली होती. आणि आत्ता, या तिन्हीसांजेला, ती त्या मागांच्या मध्ये कांड्या भरत बसली असणार, माझ्या शब्दावर.

मी मावशींना फोन लावला. बराच वेळ कुणी उचलला नाही. मग उचलला, तेव्हा फोनमधून फक्त खटाखट आली. मी ओरडून सांगितलं, तिला उद्याच मामाकडे पाठवा. "आँ? टीचर? बरी हाय पोरगी," मावशी ओरडल्या, "कान पन मस्त हाय, तुमीच सांगिटला की!" मी पुन्हा ओरडले. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि फोन ठेवला.

सकाळच्या गाडीशिवाय इलाज नव्हता. समोर उभं राहून सांगावं लागणार होतं, हातांनी. मी मांडीवरचे माझे हात बघितले. त्यांना वर्गमूळाची खूण येत होती, धागा तुटल्याची येत होती, आपलाच कान गेल्याची येत नव्हती.

"अगं," आई म्हणाली. तिचा हात अजून वरच होता, फोनच्या गडबडीत मी तिला विसरले होते. "बंद झालं तुजं वाजायचं. हे किडं तेवडं चालू हायती. खाली घिऊ का आता?"